एका ठिपक्याची चूक

वेणूबाई खांबेटे रस्त्यात बरोबर असल्या की आपलं कोपर सांभाळावं लागे. बोलता बोलता त्या ते एकदम घट्ट धरत आणि नौपाड्याच्या भर रस्त्यात खिळल्यासारख्या उभ्या राहत. "हलू नका! त्या शेवंतीवर बघा. पंख मिटलेत. आता उघडेल... उघडेल हं..." मागून टांगेवाला घंटा वाजवून थकला, तरी पंख उघडेपर्यंत आमची सुटका नसे.

मी ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. मी नुकतीच बी. एस्सी. झालेली, वेणूबाई चित्रकलेच्या, पंचेचाळिशीच्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. शास्त्राच्या बाई म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लेलेबाई, फुलपाखरं येतात का तुम्हाला?" जणू भजी येतात का, असं विचारावं तसं! नाही म्हटल्यावर रविवारी सकाळी त्या दारात हजर.

माजिवड्याच्या माळावर तेव्हा रुईची झुडपंच झुडपं होती. दुधावर झाकायची जाळी वेणूबाई अलगद फुलपाखरावर ठेवत, डोळे बारीक करून बघत, कागदावर रंग भरत आणि जाळी उचलत. एकही त्यांनी कधी मारलं नाही. मी काही ओळखलं की लगेच म्हणत, "नाव ठेवायची घाई नको. माणसाला नको आणि फुलपाखरालाही नको. आधी ठिपके मोजा."

रुईवर वाढणाऱ्या एका केशरी फुलपाखराला त्या 'कडू' म्हणत, कारण पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. हा नर, ही मादी, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी ठरवलं होतं. नराच्या मागच्या पंखावर मधोमध तीन नाहीतर चार काळे ठिपके, मादीच्या पंखावर वरच्या कडेला एकच. शाळेतल्या कितीतरी मुली हे घोकून मोठ्या झाल्या होत्या.

दुसरा त्यांचा लाडका होता तो 'चांदोबा'. काळाभोर, पंखांवर पांढरे चंद्र आणि त्यांना निळी झळाळी. पण याची मादी काही केल्या त्यांना दिसेना. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ठाण्याच्या फुलपाखरांचा मोठा तक्ता रंगवला, त्यात चांदोबाशेजारी चौकोन कोरा सोडला आणि खाली लिहिलं, 'मादी अजून सापडली नाही.' मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, ते मुळीच आवडलं नाही. "पाहुण्यांना रिकामा चौकोन दाखवायचा?" पण वेणूबाई अडून बसल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी वर्गात टेबलं मांडत होते. मागच्या अंगणातून हाक आली, "लेलेबाई! धावा! अहो, धावा!" साप निघाला असं वाटून मी काठी घेऊन धावले. नळापाशी घोळीची भाजी माजली होती. तिच्यासमोर वेणूबाई चक्क चिखलात गुडघे टेकून बसल्या होत्या. घोळीच्या काडीवर चांदोबा होता, आणि त्याला जोडून एक केशरी फुलपाखरू. त्याच्या मागच्या पंखावर, वरच्या कडेला, एकच काळा ठिपका.

"ही तर कडूची मादी," मी म्हणाले.

"नव्हे हो! ही याची बायको!" त्या म्हणाल्या. "कडूचं सोंग घेऊन हिंडते, पाखरांनी खाऊ नये म्हणून! आणि मी इतकी वर्षं हिला त्या दुसऱ्याच्या घरात बसवली! चुकले! लेलेबाई, काय सुंदर चुकले मी!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलीसारख्या गदागदा हलवू लागल्या. मलाही हसू आवरेना.

मोठ्या बाईंना मात्र हसू आलं नाही. दुपारी शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते आणि तक्ता काचेत बसवून झाला होता. "काच निघणार नाही. आणि एका ठिपक्याचा फरक कुणाला कळणार आहे?"

"मला कळलाय ना," वेणूबाई म्हणाल्या.

"मग आजच्या दिवस गप्प बसा. शाळेची शोभा नको."

साहेब आले, तक्त्यापुढे थांबले आणि नेमकं कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "ही का नाही सापडली?"

मोठ्या बाईंनी वेणूबाईंकडे डोळे वटारून पाहिलं. वेणूबाई पुढे झाल्या. "सापडली, साहेब. आज सकाळीच! ती या वरच्या चौकोनात, कडूची मादी म्हणून आहे. मी चुकीच्या ठिकाणी काढली, मुलींनाही चुकीचं शिकवलं. अजून ती अंगणात असेल, येता का बघायला?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, "छान, छान," म्हणाले आणि शिवणकामाच्या टेबलाकडे वळले. पुढच्या वर्षी प्रदर्शनाचं काम वेणूबाईंकडून काढून घेतलं गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं. पण तोवर त्यांनी प्रत्येक वर्गात जाऊन आपली चूक सांगितली होती. लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही सोडलं नाही. टेंभी नाक्यावर एकीला, कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी, त्यांनी भर गर्दीत अडवलं. "अगं सुशे, तो एका ठिपक्याचा कडू नव्हे हं! मी चुकीचं शिकवलं तुला." सुशी आधी गांगरली, मग म्हणाली, "म्हणजे मग कोण बाई तो?" आणि दोघी फुटपाथवरच बसल्या.

पुढे भावाने डोंबिवलीला घर बांधलं आणि त्या तिकडे गेल्या. नंतर आजारी असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. फार वाळल्या होत्या. मी त्यांना वर्गातलं भांडण सांगितलं. गवतावरची ती छोटी पिवळी फुलपाखरं एकाच जातीची की दोन, यावर मुली माझ्याशी भांडत होत्या आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

वेणूबाई उठून बसल्या. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? मलाही नाही! चपला घाला."

भाऊ नको नको म्हणत असता त्या माझ्या खांद्यावर हात टाकून घरामागच्या शेतात आल्या. पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. एक बसलं की दुसरं उडे. आम्ही ऊन उतरेपर्यंत वाकून वाकून पाहिलं आणि काहीही ठरलं नाही.

महिन्याभरात त्या गेल्या. त्या दिवशी शेतातून परतताना मात्र त्यांना धाप लागली होती आणि तरी त्या थांबून थांबून सांगत होत्या, "दोन असणार, लेलेबाई! दोन असल्या तर काय मजा येईल!"