जॉब ट्रेविकचा जोडीदार

जॉब ट्रेविक होबार्ट बंदराच्या धक्क्यामागे लाकडं कापायचा. बोलणं कमी, रविवारची प्रार्थना न चुकवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वल्ही बनवणाऱ्या डॅनियल कॉरीच्या दारावरून तो कधी गेला नाही. लांबचा फेरा घ्यायचा. लोक म्हणत, जुनं भांडण असेल.

भांडण कसलं? कॉरी हा कॉरी नव्हताच. तो नेड हॅम्ब्लिन.

तरुणपणी दोघं पश्चिम किनाऱ्याच्या बेटावर कैदी होते. सरकारी जहाजांसाठी ओंडके कापायचे. खड्ड्यावर ओंडका आडवा, वर जॉब, खाली नेड, मध्ये लांब करवत. वर्षानुवर्षं असं काम केलं की एकाचा श्वास दुसऱ्याला कळतो.

"वर उभं राहणाऱ्याचं बरं असतं," नेड म्हणायचा. "भुसा खातो मी."

"बडबड थांबव, म्हणजे पोटात जाणार नाही."

कैद्यांनीच बांधलेलं नवं जहाज निघायची वेळ आली, तेव्हा नेड हळूच म्हणाला, "शिपायांना भाकरी देऊन किनाऱ्यावर सोडायचं आणि आपण शिडं उभारायची. येतोस?"

"माझी सुटका जवळ आलीय रे. सुझॅना होबार्टला वाट बघतेय."

"माझी कोण बघतंय? मी चाललो."

जहाज गेलं. जॉबने पाठीवर फटके खाल्ले, पण तोंड उघडलं नाही.

पुढे जॉब सुटला, संसाराला लागला. बऱ्याच वर्षांनी एका देवमासे मारणाऱ्या जहाजाने पाय मोडलेला खलाशी होबार्टला उतरवला. नाव सांगितलं डॅनियल कॉरी. प्रॉक्टर हवालदाराला तो नेड असल्याचा संशय आला. जहाज पळवणाऱ्याला फाशीच होती. त्याने बेटावरचा नेडचा जोडीदार म्हणून जॉबला बोलावलं.

"हा कोण?"

"ठाऊक नाही, साहेब."

"जीभ खोटं बोलते, ट्रेविक. हात खोटं बोलत नाहीत. दोघं चला खड्ड्यावर, जुनी जोडी असेल तर करवतच सांगेल."

जॉब वर चढला. नेड लंगडत खाली उतरला. पहिल्याच ओढीला करवत लोण्यातून जावी तशी गेली. अशीच आणखी दोनदा गेली असती, तर नेड फासावर गेला असता. जॉबने मुद्दाम उशिरा ओढली. खालून नेडने हिसका दिला. करवत अडकली.

"करवत धरलीयस की गाईची शेपटी?" नेड खालून ओरडला. "हा आंधळा कुठून आणलात, साहेब?"

"खाली माणूस दिलाय की पोतं?" जॉब म्हणाला.

बघे हसले. प्रॉक्टर हसला नाही, पण पुरावा काही मिळाला नाही. नेड सुटला. वर आला आणि जॉबकडे न बघता निघून गेला. त्या शिव्या हेच दोघांचं शेवटचं बोलणं.

लंगड्याला कुठलं जहाज घेणार? तो त्याच गावात राहिला. प्रॉक्टरचा डोळा दोघांवर होताच. एका बाकावर बसून दोघं घोटभर प्यायले असते, तरी नेडचा गळा धोक्यात आला असता. म्हणून लांबचा फेरा.

प्रार्थनेला बसलं की जॉबला प्रभूचा शिष्य पीटर आठवायचा. भीतीने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून त्याने प्रभूला नाकारलं, मग रडला, आणि क्षमा मिळाली. पण आपण नेडला आजही नाकारलं, उद्याही नाकारणार. अशाने क्षमा मागायची तरी कोणत्या तोंडाने?

एका हिवाळ्यात नेड छातीच्या दुखण्याने गेला. पाद्रींनी डॅनियल कॉरीच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. जॉब फळ्यांची गाडी घेऊन दफनभूमीच्या कुंपणापलीकडे थांबला होता. फाटकाशी प्रॉक्टर. कुणाही वाटसरूने काढावी तेवढी टोपी जॉबने काढली आणि परत घातली.

घरी सुझॅनाने सूप वाढलं. "आज चर्चची घंटा कुणासाठी वाजली?"

"वल्हीवाल्याची."

"बिचारा. कुणी नव्हतं म्हणे त्याचं. तुमची ओळख होती का हो?"

आता नेडला कुणाचा फास लागणार नव्हता. सांगायला हरकत नव्हती. जॉबने चमचा खाली ठेवला. पण जिभेवर वर्षानुवर्षं घोकलेलं तेच आलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो ओळखत."