सोमेश्वरची सात वेळची आफ्रिका

सोमेश्वर सात वेळा आफ्रिकेला जाऊन आला. त्याच्या कुरुंदा गावातल्या निम्म्या माणसांनी विमान अजून फक्त डोक्यावरून जाताना पाहिलंय, आणि हा गडी सात वेळा समुद्र ओलांडून आला. गावानं त्याचं नावच ‘आफ्रिका’ पाडलं होतं. आणि या सात फेऱ्यांत सोमेश्वरनं काय पाहिलं म्हणाल, तर एक माकड. तेही पापड पळवणारं. असली माकडं औंढ्याला देवळाबाहेर रग्गड आहेत, त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

तो आचारी होता. चौदा वर्षं वारंगा फाट्यावर त्यानं खिचडीची कढई हलवली. एकदा पुण्याचा एक सहल कंपनीवाला नांदेडला जाताना थांबला, दोन प्लेटा हाणल्या आणि म्हणाला, आचाऱ्याला बोलवा. मराठी माणूस सिंह बघायला लाख-दोन लाख मोजतो, पण तिसऱ्या दिवशी त्याला पिठलं आठवतंच. म्हणून या कंपन्या पर्यटकांबरोबर आपला आचारी पाठवतात, सोबत पीठ, काळा मसाला, ठेचा, पापड भरलेल्या पेट्या. सोमेश्वर वर्षातून एकदा त्या पेट्यांबरोबरच जायचा. केनियातल्या एका तळ्याकाठच्या अभयारण्यातल्या हॉटेलात कंपनीचा मुक्काम असे. विमानतळावरून पर्यटक उघड्या टपाच्या जीपमधून जात, आणि सोमेश्वर बिनखिडकीच्या सामानाच्या गाडीत, पेट्यांवर बसून.

पर्यटक पहाटे जनावरं बघायला निघाले की हा पोह्यांना लागलेला. ते नावेत बसले की याच्या भाकरी तव्यावर. संध्याकाळी ते चहाचे कप घेऊन हिरवळीवर पाणघोड्यांची वाट बघत बसत आणि हा आत भजी तळे. स्वयंपाकघराच्या मागं उंच भिंत, भिंतीपलीकडं तळं. अंधार पडल्यावर नोकरांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम, कारण पाणघोडे चरायला पार भिंतीपर्यंत येतात. त्यांचं फुरफुरणं त्याला अंथरुणात ऐकू यायचं. बस्स, एवढीच त्याची आफ्रिका.

मग गावात सांगायचा काय? तर वाढताना कानावर पडलेलं. पर्यटक तोंडात घास असताना फार बोलतात. बेटावर पायी फिरायचं, तिथं सिंह नसतात म्हणून जिराफाच्या जवळ जाता येतं. झेब्र्यांच्या मधून सायकल चालवायची. नावेत डाव्या अंगाला बसायचं, पाणघोडे तिकडंच वर येतात. उन्हं कलली की काठावर गप बसून पाखरं बघायची. हे सगळं सोमेश्वरला पाठ होतं, भजनासारखं.

पहिल्यांदा परत आला तेव्हा खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. ओसरीवर दहाजण जमलेले, कुणीतरी विचारलं, सिंह पाहिला का. तो नाही म्हणणारच होता. तेवढ्यात त्याचं लक्ष दारात उभ्या बायकोकडं गेलं. मिना त्याच्याकडं अशी बघत होती, जसं तिनं लग्नातही कधी बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडून ‘व्हय’ निघून गेलं. एकदा निघालेलं ‘व्हय’ परत कसं घेणार? पुढच्या सहा फेऱ्यांत त्याचं पार वडाचं झाड झालं.

आणि मग अमृतरावांनी घोळ घातला. अमृतराव म्हणजे गावातले मोठे हळदवाले. साठीला आलेले, पोरं पुण्यात. सोमेश्वरचं ऐकून ऐकून त्यांना आफ्रिकेची हुक्की आली आणि त्यांनी त्याच कंपनीत, त्याच सहलीत, स्वतःची आणि पार्वतीबाईंची जागा नक्की केली. वर गावभर सांगितलं, की आपला सोमेश्वर सोबत आहे, मग भ्यायचं काय.

सोमेश्वरचं खोटं आता उघडं पडणार होतं. तो सहलीच्या मॅनेजरकडं गेला. सात वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. एकदा नावेत न्या. एकदाच. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, पाचव्या दिवशी सकाळी चल, त्या दिवशीचं जेवण आधी बांधून ठेव. सोमेश्वरला आभाळ ठेंगणं झालं. एकदा तळं डोळ्यांनी पाहिलं, की मागच्या सातही फेऱ्या खऱ्या होणार होत्या, निदान त्याच्या मनापुरत्या तरी. त्या दिवसासाठी त्यानं एक पांढरा सदरा इस्त्री करून पेटीत तळाशी ठेवला.

केनियात पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी अमृतराव आणि पार्वतीबाई स्वयंपाकघरात डोकावले. पार्वतीबाईंचा चेहरा उतरलेला. त्यांचं कुलदैवत खंडोबा, आणि चंपाषष्ठीची सट सहलीतच येत होती. आषाढापासून त्यांनी वांग्याला हात लावला नव्हता. सटीला वांग्याचं भरीत आणि निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, याचा नैवेद्य त्यांच्या घरात कधी चुकला नव्हता. इथं परमुलखात कसं व्हायचं?

आता शहाण्या माणसानं गप बसावं की नाही? पण सोमेश्वरला गावचं माणूस दिसलं की उमाळा यायचा. “काकू, सटीची काळजी करू नका,” तो म्हणाला. “मी हाय न्हवं? गोवरीवरचे रोडगे देतो, बराबर गावच्यासारखे.”

पार्वतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं गेले, आणि मग सोमेश्वरनं भिंतीवर लावलेलं गावाकडचं कॅलेंडर बघितलं. सट पाचव्या दिवशी होती. नैवेद्य दुपारचा, म्हणजे रोडगे सकाळीच भाजायचे. नाव सकाळची. हातानं ओढवून घेतलेलं, दुसऱ्या कुणाला बोल लावायचा?

दुसऱ्या दिवशी तो अमृतरावांकडं गेला. रोडगे संध्याकाळी केले तर चालतील का, असं चाचरत विचारलं. मीही नावेत येणार होतो, म्हणाला. अमृतराव मोठ्यानं हसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे, तू तर सात येळा पाहिलंस. एक येळा न्हाई पाहिलं तर काय बिघडून राहिलं?”

खरं सांगितलं तर सात वर्षांची अब्रू जाते, आणि नाही सांगितलं तर तळं जातं. सोमेश्वर म्हणाला, “काहीच न्हाई, काका.” आणि स्वयंपाकघरात येऊन कणीक मळायची परात त्यानं इतक्या जोरात आदळली, की तिला पोचा आला.

पाचव्या दिवशी सगळे हसत-खिदळत नावेवर गेले. सोमेश्वर रिकाम्या आवारात गोवऱ्या शोधत फिरला. हॉटेलात कोळशाची पोती भरून होती, पण त्यानं गोवरीचा शब्द दिलेला. भिंतीपाशी माळ्यानं झाडून लावलेला ढीग दिसला. उन्हात वाळलेलं, गवताच्या काड्यांचं शेण. हे कशाचं, असं त्यानं माळ्याला हातानं विचारलं. माळ्यानं गाल फुगवले, दोन्ही हात वरखाली फाकवून केवढा तरी मोठा जबडा करून दाखवला, आणि भिंतीपलीकडं बोट केलं.

सोमेश्वरला आधी हसू आलं. मग त्याच ढिगापाशी बसून तो रडला. सात फेऱ्यांनंतर पाणघोडा भेटला तो असा. देवाच्या नैवेद्याला हे चालणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. पोती दहा पावलांवर होती. पण त्याचं डोकं फिरलं होतं. त्यानं टोपली भरली, निखाऱ्यांचा आर पेटवला, वांगी त्याच्यातच खुपसली, रोडगेही त्याच्यातच भाजले. तो पांढरा सदरा पेटीतून निघालाच नाही.

दुपारी पार्वतीबाईंनी नैवेद्य दाखवला, देवाला हात जोडले, आणि सोमेश्वरला पोटभर आशीर्वाद दिले. अमृतरावांनी चार रोडगे खाल्ले. खाताना ते सोमेश्वरकडं गालातल्या गालात हसत बघत होते. त्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही.

तो अर्थ गावात लागला. परत आल्यावर चारच दिवसांनी मारुतीच्या पारावर अख्खं गाव जमलं, बायामाणसंही. अमृतरावांनी सिंह सांगितला, जिराफ सांगितला. पाणघोड्यापाशी आले आणि थांबले. “ते सोमेश्वर सांगंल,” म्हणाले. “सात येळा पाहिलाय त्यानं. व्हय का न्हाई रे?” आणि पुन्हा तेच हसू. सोमेश्वरला कळलं. नावेत मॅनेजर बोलला असणार, की बिचारा आज पहिल्यांदाच येणार होता. काकांना सगळं माहीत होतं, आणि गावापुढं त्याला नाचवायची त्यांना हौस आली होती.

सोमेश्वर उठला. “न्हाई पाहिला,” तो म्हणाला. “सिंह न्हाई, पाणघोडा न्हाई, तळंबी न्हाई. सात येळा चुलीपुढं बसून आलो. ह्या येळेला पाणघोड्याचं शेण तेवढं पाहिलं. तुमच्या सटीचे रोडगे त्याच्यावर भाजले, काका.”

अमृतरावांचं हसू तिथंच मेलं. पण सोमेश्वरची नजर पार्वतीबाईंवर गेली. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पारावरून उतरून चालू लागल्या, एकट्याच. त्या माउलीनं त्याचं काय वाईट केलं होतं? बाण सोडला अमृतरावांवर, लागला भलतीकडं. अशा वेळी माणसाला स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटते.

घरी मिनानं ताट वाढलं. सोमेश्वर समोर बसला, पण हात ताटाकडं जाईना. तिनं तव्यावर भाकरी टाकली.

“सिंह न्हाई पाहिला तर न्हाई पाहिला,” ती म्हणाली. “पर मी बायांना सांगत फिरले सात वर्षं. मला तरी सांगायचं.”

मग तिनं भाकरी उलटली.