फुटाला एक इंच

आमच्या दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे बी.कॉम. लिहिलंय. हसणारे हसतात, हसू देत. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि भाईंदरमधला हा वन बीएचके मी माझ्या नोकरीवर घेतलाय. घेतला तेव्हा हॉल-किचनपेक्षा मला बाथरूमचं कौतुक जास्त होतं. आतून कडी लागणारं दार, आणि दारात पांढऱ्या मार्बलचा उंबरा, चांगला चार बोटं उंच. माय बाथरूमला मोरी म्हणायची. मी दर वेळी दुरुस्त करायचे, "माय, मोरी नाही. बाथरूम."

त्याच उंबऱ्याला ठेचकाळून माय गेल्या वर्षी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. वॉकर धरून उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून मी तिला काखेत हात घालून आत न्यायचे, स्टुलावर बसवायचे आणि आंघोळ घालायचे. परकर ती सोडायची नाही. डोळे गच्च मिटून बसायची. पाठीला साबण लागला न लागला की म्हणायची, "बस झालं." पुढे तिने बहाणे काढले. आज अंग कसकस करायलंय, आज हवा गार सुटली. आंघोळीशिवाय चहाचा कप तोंडाला न लावणारी बाई चार-चार दिवस आंघोळ टाळू लागली.

एकदा मी चिडले. "मी काय परकी आहे का गं?"

"परकी असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "लेकीनं मायला असं बघू नये." मग बराच वेळ वॉकरच्या रबराशी चाळा करत बसली. "माझी मला करता येईल असं काही कर ना बाई."

मायने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच.

ऑफिसातल्या एकीने मोबाइलवर दाखवलं. वेटरूम म्हणतात. उंबरा नाही, पायरी नाही, बाहेरची लादी तशीच सरळ आत जाते. सगळ्या जमिनीला थोडा उतार, आणि पाणी आपोआप मागच्या भिंतीजवळच्या जाळीत. भिंतीला धरायला स्टीलचे दांडे. मी घरी येऊन मायला सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मोरीच की."

"मोरी नाही माय. वेटरूम."

"बरं. वेटरूम." आणि तोंडाला पदर लावून हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

मिस्त्री उत्तर प्रदेशातला होता, पन्नाशीचा, गळ्यात गमछा. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली होती. उतार किती, तर एका फुटाला पाव इंच. मी त्याचा अभ्यास केला होता. हो, केला होता; कुठलीही गोष्ट वाचून समजते हा माझा विश्वास आहे आणि आजवर त्याने मला दगा दिलेला नाही. कागद भिंतीला चिकटवून मी ऑफिसला गेले. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मायला बसवलं, शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगितलं.

इथे मायचं सांगायला हवं. आम्ही मूळचे जालन्याकडचे. वडील गेल्यावर माय मला घेऊन इकडे आली आणि बिगारी कामाला लागली. मीरा रोडच्या किती बिल्डिंगींमध्ये तिने डोक्यावरून घमेली वाहिली, तिलाच ठाऊक. तेव्हा पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून ती गप्प राहील असं मला का वाटलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर दोघांचं चांगलंच जमलं होतं. जमिनीत पाणी जायला जी जाळी बसवतात तिला हे लोक नानी ट्रॅप म्हणतात. मिस्त्री ती हातात धरून म्हणत होता, "देखो माताजी, नानी के लिए नानी ट्रॅप."

"नानी कुणाला म्हणतो रे? बिगारी थी मैं, बिगारी. तू थापी सीधी पकड."

तिसऱ्या दिवशी लाद्या बसल्या. त्या सुकू दिल्यावर रविवारी मी कौतुकाने आत स्टूल ठेवलं, त्यावर बसून पाहिलं. स्टूल माझ्यासकट मागच्या भिंतीकडे कललं. म्हटलं, मला भास झाला. बादली भरून ठेवली. बादलीतलं पाणी एका बाजूला काठाला टेकलं होतं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली. साठी उलटलेल्या, खुब्यात सळी घातलेल्या बाईला मी घसरगुंडी बांधून दिली होती.

मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आपने पाव इंच लिखा था. माताजी बोलीं फुट में एक इंच. बोलीं, बेटी ऑफिसवाली है, उसको साइट का क्या मालूम."

मी फोन ठेवला आणि मायला तोंडाला येईल ते बोलले. "तुला कुणी विचारलं होतं? मी कागदावर लिहून दिलं होतं ना? आयुष्यभर घमेली उचललीस म्हणून इंजिनिअर झालीस का?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. बोलले.

माय वॉकरचे दोन्ही दांडे धरून बसून राहिली. मी स्वयंपाकघरात गेले, भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने वॉकरचा टक-टक आवाज ओट्यापर्यंत आला.

"राईची खोली आठवते का तुला?" तिने विचारलं.

भाईंदरजवळच्या राई गावात एका शेतकऱ्याच्या वाडीच्या कडेला पत्र्याची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. कोपऱ्यात मोरी, तिला वीतभर कठडा, आडोशाला दोरीवर टाकलेली जुनी साडी. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. मोरीच्या अलीकडेच मी जमिनीवर वह्या पसरून अभ्यास करायचे, तिथेच झोपायचे.

"एकदा मोरी तुंबली होती," माय म्हणाली. "मी कामावरून आले, अंगावर सगळं शिमिट. पाणी घेतच राहिले. पाणी कठड्यावरून आलं न् तुझ्या वह्या भिजल्या."

वह्या माझ्या नव्हत्याच. मैत्रिणीकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणल्या होत्या. मला तेवढंच आठवत होतं, की मायने तांब्यात निखारे घालून एकेक पान त्याने दाबून वाळवलं होतं, आणि मी कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होते, तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

"आता तू उंबराच काढून टाकला," माय म्हणाली. "पाणी सरळ तुझ्या हालमधी आलं असतं. तुझे कागद-बिगद असतात खाली. म्हणून म्हटलं मिस्त्रीला, उतार दाबून दे."

मी सुरी खाली ठेवली. एक गोष्ट त्या क्षणी लख्ख आठवली. राईच्या त्या दिवसानंतर माय अर्ध्या बादलीत आंघोळ करायची. या घरात गिझर आहे, शॉवर आहे, नळाला पाणी असतं, तरी अर्धीच बादली. मला वाटायचं, गावाकडची सवय. पाण्याची काटकसर म्हणून मी ऑफिसात तिचं कौतुकसुद्धा सांगितलं होतं.

"माझं चुकलं माय," मी म्हटलं.

"तुझं काय चुकलं? बोट कापशील, बघून चीर."

मिस्त्री परत आला. लाद्या उखडल्या. या वेळी मी रजा टाकली आणि मायच्या शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसले. पाव इंच तिला कबूल नव्हता, एक इंचावरून खाली यायला तयार नव्हती. मग मिस्त्रीने लादी नुसती मांडून दाखवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सावकाश, पण न थांबता जाळीकडे गेलं. मायने तीन वेळा ओतायला लावलं. चौथ्यांदा म्हणाली, "चालतंय. पर दारापाशी जरा ज्यादा दे." दाराजवळच्या एका लादीला त्याने उतार किंचित वाढवला. मी कागदावर तसं लिहूनही घेतलं.

पुढच्या आठवड्यात माय एकटी आत गेली. वॉकर दारातून असा गेला की जणू तिथे कधी काही नव्हतंच. स्टूल घट्ट बसलं. तिने दार लोटून घेतलं, कडी मात्र लावायची नाही असं आमचं ठरलं होतं. मी पॅसेजमध्ये उभी राहिले, काही लागलं तर.

नळाचा आवाज आला. मग तांब्याचा, पहिला, दुसरा. साबणाची डबी पडली, मी पुढे झाले, तर आतून, "काही नाही, काही नाही." पुन्हा तांब्या. मग ती काहीतरी गुणगुणायला लागली. नीट ऐकू येत नव्हतं, पण साइटवर घमेली चढवताना बायका म्हणतात तसला ठेका होता. बादली रिकामी झाल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

दाराखालून पाण्याचा एक बारीक ओघळ पॅसेजमध्ये आला. तांब्याने अंगावर पाणी घेतलं की एवढं उडणारच. तो लादीच्या सांध्यावरून माझ्या पायापर्यंत आला.

"काय गं," आतून आवाज आला, "बाहेर आलं का पाणी?"

मी आजवर मायशी खोटं बोललेले नाही. मार्कांच्या बाबतीतही नाही. मी पायानेच पायपुसणं ओढलं, ओघळावर टाकलं आणि त्यावर उभी राहिले.

"नाही माय. कोरडं हाय. घे अजून एक बादली."

आतून नळ सुटल्याचा आवाज आला.