साडूंचं हिरवं टर्मिनल

एखाद्या वस्तूवर बसून, टेकून, रेलून पाहिल्याशिवाय आमच्या साडूंनी तिला चांगलं म्हटलंय, असं आजवर घडलेलं नाही. स्वतःच्या लग्नातला पाटसुद्धा त्यांनी बसण्याआधी हलवून पाहिला होता, असं माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, अजून शपथेवर सांगते. मूळचे सिल्लोडकडचे, घर छावणीत आणि नोकरी चिकलठाण्याच्या कारखान्यात, माझ्याच ऑफिसात. तिथल्या गारेगार कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच शिरायचं, असा दंडक होता. साडू तर देवघरात जावं तसे जायचे. खंडेनवमीला त्यांनी आपल्या हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलला इतकं हळदकुंकू वाहिलं, की दिवाळीपर्यंत शून्याचं बटण दाबलं की वरच येईना. साहेब भडकले, तर हे शांतपणे म्हणाले, "परसाद लागलाय त्याला. सुटंल हळूहळू." नामांतराच्या आंदोलनात शहर बंद होतं, तेव्हा सगळ्यांना दुधाची न् पोराबाळांची काळजी; हे मला विचारतात, "साडूभाऊ, त्या खोलीतला एसी चालू असंल का हो?"

मग नवी टर्मिनलं यायची बोलणी सुरू झाली. एक नमुन्याला आलं. साहेब म्हणाले, "सोयीची एवढी चिकित्सा करता ना, मग तुम्हीच सांगा. नवं पसंत पडलं तर जुनी सगळी काढून टाकू." झालं! साडूंनी दोन्ही शेजारीशेजारी मांडली. भरपेट मटकीची उसळ खाऊन आधी जुन्यापुढं बसले. त्याची ऊब, ती गुणगुण, लगेच डुलकी. नव्यापुढं काही केल्या डोळा लागेना. "लई कडू यंत्र! अन् बटणं लोण्यावानी. दाबलं का नाय तेच कळंना." पण त्याचा पडदा वरखाली वळतो, हे कळल्यावर मात्र स्वारी तासभर त्याला मान डोलवायला लावत बसली.

शेजारच्या टेबलावर एक बाई काम करायच्या. जुन्या पडद्यावर खिडकीचा उजेड पडायचा, पडदा वळायचा नाही, आणि संध्याकाळी बाई ओला रुमाल डोळ्यांवर धरून बसायच्या. साडूंनी त्यांना दिवसभर नव्यावर बसवलं. संध्याकाळी रुमालाची घडी तशीच कोरडी होती. साडू त्या घडीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले, "नवंच घ्या. माझी झोप गेली तर गेली, बाईंचे डोळे ऱ्हाऊ द्या."

नव्यांना गारवा लागेना, लोक बुटासकट आत येऊ लागले. जुनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या शेडबाहेर, रणरणत्या उन्हात, साडूंच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या. आत डोकावलो. एका खोक्यावर ते त्या बंद टर्मिनलपुढं ताठ बसले होते, टक्क जागे.

"डुलकी लागंना हो," ते म्हणाले. "गुणगुणत नाय ना हे आता."

मी बूट बाहेर काढले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.