संघपालचा कॉम्प्युटर इंदापूरला जातो

साल नव्याण्णव. बारामतीच्या संघपाल अहिवळेने इंदापूरच्या एका डाळिंब बागायतदार संघासाठी बाजारभावाची वेबसाइट बनवली. शुक्रवारी ती संचालकांपुढे चालली, तर संघपाल संघाच्या नोकरीत कायम. नाही चालली, तर बारामतीच्या क्लासमध्ये टायपिंग शिकवायला पुन्हा मोकळा.

घरी वेबसाइट गुणी सुनेसारखी वागायची. सोमवारी संघाच्या कॉम्प्युटरवर घातली आणि पडद्यावर ओळ आली : अमुक मॉड्यूल सापडत नाही. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला तुकडा. आपला प्रोग्रॅम त्याला हाक मारून काम करून घेतो. असले तुकडे संघपालने दोन वर्षांत घरच्या मशिनवर एकेक करून आणून बसवले होते, आणि कोण कोण आलंय हे साफ विसरला होता.

मंगळवारी तो तुकडा फ्लॉपीवर घेऊन दीड तास एसटीने इंदापूर. तुकडा आला, पण लग्नातल्या मानाच्या चुलत्यासारखा अडून बसला : आमच्या मेव्हण्यांना बोलावणं नाही, तर आम्ही पंगतीला बसत नाही. बुधवारी मेव्हणे, म्हणजे त्या तुकड्याला लागणारा दुसरा तुकडा, नेले. मेव्हण्यांना साडू हवे होते. साडू मित्राच्या सीडीवरून आलेले, आणि मित्र सीडीसकट बेंगलोरला गेलेला. घरच्या मशिनमध्ये ते इतके मुरले होते, की उचलून नेले तर तिकडे ओळखच देईनात.

सोमवारी संघपालला घाम फुटला होता, मंगळवारी राग आला होता. गुरुवारी घामही नाही, रागही नाही. समोरची ओळ तो एसटीची पाटी वाचावी तशी वाचत होता. चेअरमन बापूसाहेब मागून म्हणाले, "घरी चालतंय म्हणतोस न्हवं? मग घरच घिऊन ये की."

ते चेष्टेत म्हणाले होते. शुक्रवारी संघपाल मशिनचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीत बसला. कंडक्टरने विचारलं, लेकरू आजारी हाय का?

"न्हाय," संघपाल म्हणाला, "बरं हाय."

संघात डबा जोडला. वेबसाइट उघडली. डाळिंबाचे भाव पडलेले पाहून संचालक संघपालवरच डाफरले, मग चहा प्यायले.

"सोमवारपासून कायम," बापूसाहेब म्हणाले. "आन् ह्यो डबा हितंच ऱ्हाऊ दे. न्हेलास तर परत बंद पडंल."

संघपालने मान डोलावली.

घरी त्याची आई अक्काबाई दारातच उभी. "झालं का रं?"

"झालं."

मशिनच्या जागी तिने तोवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. संघपाल जेवला आणि झोपला.