अप्पांचा कच्चा रंग

"ये गं, हा रंग बघ," अप्पांनी बाथरूममधून हाक मारली.

वडिलांनी अशी हाक मारावी आणि मुलीनं जाऊन कमोडमध्ये डोकावावं, हे आमच्याच घरात घडू शकतं. आम्ही म्हैसूरचे जुने रंगारी. अप्पांचं उभं आयुष्य मंडी मोहल्ल्यात कापड रंगवण्यात आणि छापण्यात गेलं. आता ते सरस्वतीपुरमला माझ्याकडे असतात. लाल दिसलं की त्यांना आधी छटा दिसते, भीती नंतर.

लघवी चक्क लाल होती.

"दुखतंय?"

"छे. काल बीटरूटची पल्य-भाजी खाल्ली ना, अल्वा? कच्चा रंग आहे. दोन धुण्यांत उतरेल."

आणि तो उतरला. दुसऱ्या सकाळी लघवी नेहमीसारखी झाली आणि अप्पा पैज जिंकल्यासारखे नाश्त्याला बसले. मी तोवर दवाखान्यातली वेळ घेऊन, त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं कागदावर उतरवून तयार होते.

"आता सुम्मने कशाला जायचं?" अप्पा म्हणाले. उगाच म्हणायचं असलं की आमच्या घरात कन्नडमधलं सुम्मनेच तोंडात येतं. "दुखत नाही, दिसत नाही. डॉक्टरला दाखवायचं तरी काय?"

"बीट सगळ्यांनी खाल्लं, अप्पा. लाल तुम्हालाच झाली."

"एकाच हंड्यात सुती आणि रेशमी सारखं रंगतं होय?"

"बरं. गिऱ्हाईक म्हणालं डाग गेला, तर तुम्ही त्याच्या शब्दावर कापड परत द्यायचात? की उजेडात धरून बघायचात?"

ते इडली चिवडत बसले. मग म्हणाले, "शर्ट कुठला घालू?"

डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये भराभर प्रश्न विचारले. उरी, म्हणजे लघवीला जळजळ? ताप? कमरेत कळ? रक्त पातळ करणारी गोळी? अप्पांचा प्रत्येक नकार आधीच्यापेक्षा ठणठणीत. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळत असल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

"सगळं नाही म्हणताय, म्हणून मी जास्त काळजी घेणार," बाई म्हणाल्या. जळजळ असती तर जंतुसंसर्गाचा, कळ असती तर खड्याचा संशय आधी घेतला असता. पण उतारवयात न दुखता रक्त आलं, तर मूत्राशय आतून बघायलाच हवं. एकदा येऊन थांबलं म्हणजे कारण गेलं असं नाही. बीटनं लघवी लाल होते खरी, पण मग सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसत नाहीत. अप्पांनी तिथं तपासायला दिलेल्या, साध्या दिसणाऱ्या लघवीत त्या दिसल्या.

"काम काय करत होता?"

"रंगारी, अम्मा. कोपरापर्यंत हात रंगात."

"पूर्वीच्या काही रासायनिक रंगांमुळे मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. काम सोडून कितीही वर्षं झाली तरी."

अप्पांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही. दुर्बिणीच्या तपासणीत मूत्राशयात एक छोटी गाठ सापडली. पोटावर कुठेही न कापता, लघवीच्या वाटेनंच ती काढली. गाठीच्या तपासणीत कर्करोग निघाला, पण वरच्या अस्तरापुरता. खाली स्नायूत उतरलेला नव्हता. असा रोग परत डोकं काढू शकतो, म्हणून ठरावीक काळानं दुर्बीण घालावी लागणार. त्या तारखा मी फ्रिजवर लावल्या आहेत आणि अप्पा त्या मुकाट्यानं पाळतात.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिला फोन केला तो मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या जोडीदाराला. दोघांनी एकाच मोरीवर वर्षानुवर्षं कापड पिळलेलं.

"काय रे, तुला कधी लाल झाली होती?" अप्पांनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. "मागच्या दिवाळीत? आणि गप्प बसलास? दुखत नव्हतं म्हणे! माझं कुठं दुखत होतं?"

फोन न ठेवताच ते माझ्याकडे वळले. "त्याचीही वेळ घे. सोमवारची मिळाली तर बरं. मी जातो बरोबर, नाहीतर तो यायचा नाही."