हवेच्या मागावर

हवा दिसत नाही, असं मानणाऱ्या माणसांत माझा सगळा जन्म गेला होता. मग आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला घर घेतलं आणि शेजारी असे एक गृहस्थ मिळाले, ज्यांना हवेखेरीज दुसरं काही दिसतच नाही. हे आमचे शेजारचे काका. विमानाचे पंख बनवणाऱ्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण उभी नोकरी त्यांनी काढली ती वाऱ्याच्या बोगद्यात. बोगदा म्हणजे एक लांबलचक बंद खोली. तिच्या एका टोकाला अजस्र पंखे, मधोमध विमानाची छोटी प्रतिकृती, आणि वारा तिच्यावरून कसा सरकतो ते कळावं म्हणून सोडलेल्या धुराच्या बारीक रेघा. त्या रेघा बघण्याचा काकांना पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर माणसं टोमॅटो लावतात, पत्ते खेळतात. काकांनी फक्त बोगदा बदलला, आणि आमचा अख्खा रस्ता त्यात आला. पहिल्याच भेटीत मी कौतुकाने विमानांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "विमान हा आमच्या शास्त्राचा सगळ्यात किरकोळ उपयोग. विमानात तू वर्षातून एकदा बसतेस. आणि हवेत किती वेळ असतेस?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम चार-दोन उदबत्त्या असत. आमच्या वास्तुशांतीला ते आले तेव्हा माझी आई नागपूरहून आलेली होती. इतकी वर्षं अमेरिकेत राहून हा माणूस खिशात उदबत्ती बाळगतो, म्हणून ती हरखूनच गेली. काकांनी उदबत्ती पेटवली. आईने अदबीने देव्हाऱ्याकडे हात केला. काका तिच्यासमोरून सरळ खिडकीपाशी गेले आणि चौकटीच्या कडेकडेने उदबत्ती फिरवू लागले. धूर सरळ वर चालला होता. उजव्या कोपऱ्यात मात्र तो एकदम खोलीकडे वाकला. "ताई, इथून थंडी आत येतेय," असं जाहीर करून त्यांनी तिथे पट्टी मारली आणि मग जेवायला बसले. त्या हिवाळ्यात आमची ती खोली खरोखरच उबदार राहिली. आईने नागपुरात सगळ्यांना फोनवर सांगितलं, की शेजारी फार देवभोळे आहेत, फक्त देव कुठे ठेवलाय ते त्यांना सापडत नाही.

आमची गाडी हायवेवर लागली की टपावरच्या दांड्या गुणगुणायच्या. नवऱ्याला वाटे इंजिन गेलं. काका एकदा गाडीत बसले, डोळे मिटून ते गुणगुणणं ऐकलं आणि उतरल्यावर म्हणाले, "लेंग्याची नाडी आहे का?" मग नवऱ्याच्या लेंग्याची नाडी त्यांनी दांडीभोवती नागमोडी गुंडाळून बांधली. वारा गोल दांडीवरून जाताना आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सोडतो, त्या ठेक्यात दांडी थरथरते आणि गाते. नाडीने फक्त त्याचा ठेका चुकवायचा, असं त्यांचं म्हणणं. गाणं खरंच बंद झालं. पुढे एका कारखान्याच्या उंच धुराड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बघ, त्यालाही नाडी बांधलीय." त्या धुराड्याच्या वरच्या भागाला पत्र्याची एक पट्टी तशीच गोल गोल वर गेलेली होती. मी आजवर तिला नक्षी समजत होते. तेव्हापासून प्रत्येक धुराड्याकडे माझी मान वळते. नवऱ्याने मात्र त्या वर्षीचा गणपती सेफ्टी पिनेवर निभावला.

आईला विमानतळावर सोडायला निघालो तेव्हा डिकीत बॅगा कशा रचायच्या हे अर्थातच काकांनी ठरवलं. विमानात वजन कुठे पडतं याला जसा हिशेब असतो, तसा गाडीलाही हवा, रस्त्यावर बर्फ असताना तर हवाच, हे सांगून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ताई, तुमचं वजन?" आई म्हणाली, "ते मी अजून डॉक्टरलाही सांगितलेलं नाही." काकांनी तिच्याकडे एक नजर टाकली, तिला उजवीकडे बसवलं आणि बदामांची मोठी बॅग डावीकडे ठेवली. तो अपमान आईने अजून गिळलेला नाही.

या सगळ्याला काकू हसत. काकू कोल्हापूरच्या, आणि त्यांची फोडणी रस्त्याच्या टोकापर्यंत कळत असे. गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. दारं-खिडक्या बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत काकूंचा तो कोरडा, थांबता न थांबणारा खोकला. डॉक्टरांनी फुप्फुसं नाजूक झालीत असं सांगितलं, धुरापासून लांब राहायला बजावलं. टेक्सासात शुगर लँडला असलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर निकाल दिला, "आई, तू इकडे ये. फॉर गुड. बाबांना घर विकून सावकाश येऊ दे." काकूंना जायचं नव्हतं. काकांना तर घर विकायचं म्हटल्यावर जेवण जाईना. घर टिकायचं तर काकूंचा खोकला जायला हवा होता, आणि काकांच्या मते खोकल्याचं मूळ फोडणीत होतं.

मग काका कामाला लागले. शेगडीवरचा हुड धूर बाहेर टाकतच नाही, नुसता जाळीतून ओढतो आणि वरून परत आपल्याच तोंडावर सोडतो, हा शोध लागल्यावर ते इतके भडकले की आमच्याकडे येऊन आमचाही हुड तपासून गेले. आमचाही तसलाच निघाला. त्यांनी भिंतीला भोक पाडून बाहेरपर्यंत पत्र्याचा नळ नेला. नळाला काटकोन नको, हवेला मोठी वळणं आवडतात. शेगडीच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचे पंख लावले, कापले, पुन्हा लावले. आणि प्रत्येक बदलानंतर उदबत्ती: पुढून, मागून, चारी कोपऱ्यांत. काही आठवड्यांनी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. काकूंनी फोडणी दिली आणि तो धूर इकडेतिकडे न बघता शहाण्यासारखा सरळ वर जाऊन नळात शिरला. मी टाळ्या वाजवल्या. काकू बाहेरच्या खोलीत जाऊन खोकत बसल्या.

खोकला वाढला तसे काकांचे प्रयोगही वाढले. शेवटी मुलगी आली आणि आईला घेऊन गेली. शुगर लँडला थोड्याच दिवसांत काकूंचा खोकला उतरला. काकांना आनंद झाला, पण कोडंही पडलं. त्यांनी मुलीला फोनवर विचारलं, "तुझा हुड बाहेर सोडतो का गं?" ती म्हणाली, "बाबा, आय डोंट नो! मी तो ऑनच करत नाही. आई रोज फोडणी देते. शी इज फाइन."

काका हे सांगायला माझ्याकडे चहाला आले. "तीच फुप्फुसं, तीच फोडणी, हुड माझ्यापेक्षा भिकार. मग माझ्या घरात असं काय आहे, जे तिथे नाही?"

मी चहा ओतता ओतता सहज बोलून गेले, "काका, तुमच्या घरात शिरलं की देवळात आल्यासारखं वाटतं बघा. तुमच्या शर्टालासुद्धा वास असतो."

काकांचा कप हवेतच राहिला. मग त्यांनी तो ठेवला, खिशातल्या उदबत्त्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"धूर मी कधी बघितलाच नाही गं," ते म्हणाले. "धुरातून हवा बघितली. धूर म्हणजे मला नुसती रेघ." त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी माझ्यासमोरच काकूंना स्पीकरवर फोन लावला. "अगं, फोडणीचा काही दोष नव्हता. तो धूर मीच करत होतो."

पलीकडून काकू म्हणाल्या, "मला वाटलंच होतं हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढे खपत होतात. आणि नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच सकाळी शीळ घालत उठत होतात. ते बंद करा, असं कसं सांगू?"

काकांनी कडाक्याच्या थंडीत कोट-टोपी घालून घराच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या, पडदे धुतले, गालिचा धुतला. मुलीने उन्हाळ्यापर्यंत बघू, असं बजावून आईला परत पाठवलं. बोगद्यात धुराशिवाय आणखी एक रीत असते: पंखावर लोकरीचे बारीक तुकडे चिकटवायचे, वारा जिकडे जाईल तिकडे ते वळतात. काकांनी एक जुना स्वेटर उसवला आणि शेगडीभोवती लाल धागे लावले.

काकू आल्या त्या दिवशी मी तिथेच होते. त्यांनी आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि सगळेच्या सगळे धागे एकदम हुडाकडे वळले. इतकं सुंदर दिसलं ते, की मी ओरडले, "काका, बघा ना!"

काका बघत नव्हते. फ्रिजला पाठ लावून, डोळे मिटून उभे होते आणि कान काकूंकडे होते. आमटीला उकळी आली. काकूंनी गॅस बारीक केला, मला म्हणाल्या, "बस, जेवूनच जा," आणि ताटं काढायला वळल्या. खोकल्या नाहीत. तेव्हा कुठे काकांनी श्वास सोडला.